बेचाळिसावी मेख

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

दादा,

आत्तापर्यंत मी होडीघराच्या फरशीवर उताणा पडून आपल्या होडीच्या पोटाकडे बघत होतो. तोंडात टॉर्च, हातात मोजपट्टी, छातीवर वही. शेवटचे माप घेऊन उठलो आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर तुला लिहायला बसलो. पान फाडले आहे, पण पट्टी ठेवून फाडले आहे.

अकरा वर्षांनी पहिले पत्र आणि सुरुवात होडीपासून, हे बरे दिसत नाही हे मला कळते. पण दुसरीकडून सुरुवात केलेली सात पत्रे माझ्या ट्रंकेत पडून आहेत. एकही पोस्टात गेले नाही. तुझा पत्ता मामाने दिला. "मी दिला असं सांगू नकोस," असे बजावले आहे, तेव्हा मी सांगितले नाही असे समज.

होडी खाली उतरवून लाकडी घोड्यांवर ठेवली. बाबांनी तेव्हा ज्या तुळईला ती दोरांनी टांगली होती, तिथेच ती परवापर्यंत होती. ताई तिच्यातून गेली, तिच्यापायी तू घर सोडलेस, त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. होडीघरात जायची वेळ आलीच तर मी मान खाली घालून जायचो. आता तळ्याला नवा बांध घालायचा म्हणून काठावरची सगळी होडीघरे जानेवारीअखेर पाडणार आहेत. बाबांना विचारले, होडीचे काय करायचे? ते खिडकीची चौकट रंधत होते. मान वर न करता म्हणाले, "जाळ." पुन्हा विचारले तर रंधाच थांबला, म्हणून तिसऱ्यांदा विचारले नाही. ते अजून दारे-खिडक्या करतात. हात थरथरतो, पण रेघ सरळ येते.

तुला ठाऊक नसेल, मी चार वर्षे संग्रहालयात नोकरीला आहे. वस्तूंखालची लेबले लिहितो, मापे घेतो, खोकी भरतो. माझी शाळा मध्येच सुटली हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहायचे काम मलाच देतात, कारण माझी वेलांटी चुकत नाही. तिथे लाकडाच्या वस्तूंच्या जाणकार एक बाई आहेत. त्यांच्यामागे सगळे त्यांना लाकूडबाई म्हणतात आणि हे त्यांना माहीत आहे. कामाच्या पहिल्याच दिवशी मी त्यांच्या दारावरच्या पाटीतल्या दोन चुका दाखवल्या. तेव्हापासून त्या मला नावाने हाक मारत नाहीत. "ए शुद्धलेखन," म्हणतात. मी त्यांना होडीबद्दल सांगितले. त्या म्हणाल्या, "वय किती आणि कुठली, हे पक्कं ठरलं तर घेऊ. नाहीतर नुसती जुनी होडी म्हणजे मोठं सरपण, शुद्धलेखन."

म्हणून तुला विचारतो. पणजोबांनी मागच्या टेकडीवरचे झाड पाडून एका हिवाळ्यात ही होडी कोरली, असे आजोबा सांगत. तू ते त्यांच्या तोंडून ऐकलेस आणि मी तुझ्या. ते आणखी काही म्हणाले होते का? साल? मदतीला कोण होते?

मापे: लांबी पाच मीटर बासष्ट सेंटीमीटर. मधली रुंदी एकाहत्तर सेंटीमीटर. लाकडाची जाडी पस्तीस मिलिमीटर. तळातल्या लाकडी मेखा बेचाळीस. तू मारलेले ठिगळ जागेवर आहे. त्याचे पुढचे टोक तेव्हा उचललेले होते तसेच आहे.

बाकी विशेष नाही.

तुझा धाकटा


१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी एक वाजून वीस मिनिटे, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

तुझे उत्तर नाही. येईल असे धरून लिहीतही नाही. काम कुठवर आले ते कळवतो.

काल लाकूडबाई होडी पाहून गेल्या. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या आणि गुडघ्यांवर बसून लाकडाचा वास घेतला. बाबा शेजारच्या सुतारीच्या कारखान्यातून बाहेर आले होते. बाई म्हणाल्या, "या ना आत." बाबा म्हणाले, "मला काम आहे." आणि अर्धा तास दारातच उभे राहिले.

त्या मेखा कशासाठी असतात हे मला या वयात कळले. तुला ठाऊक असेल, तरी लिहितो. एका ओंडक्यातून होडी कोरताना आतून किती कोरले आणि तळाला किती उरले हे डोळ्यांना दिसत नाही. एक घाव जास्त बसला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून कारागीर आधी बाहेरून ठरावीक अंतरावर दोन बोटे खोल भोके पाडतो आणि त्यांत तेवढ्याच लांबीच्या गडद लाकडाच्या मेखा ठोकतो. मग आतून तासत यायचे. फिकट लाकडात काळा ठिपका दिसला की हात थांबवायचा. तिथे जाडी पुरी झाली. म्हणजे प्रत्येक मेख होडीच्या तळातून आरपार असते. एक काढली तर तिथे भोक.

बाई बोट फिरवत म्हणाल्या, "हे ठिपके म्हणजे कारागिराची सही. कोणी दोन-दोन लावतं, कोणी तीन-तीन. इथे तीन-तीनच्या चौदा ओळी आहेत. एकाच माणसाचा हात." मागून चौथ्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. "ही मात्र वेगळी."

मी टॉर्च तिथे धरला.

"बाकी एक्केचाळीस काळ्या, ही पांढरी. हे खिडक्यादारांचं लाकूड. कड बघ किती साफ आहे. गिरमिटाने भोक सारखं करून मग बसवलीय. हौशी माणसाचं काम नाही हे, सुताराचं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचं, त्याहून जुनं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कोणी बसवली?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

दाराकडे पाहिले तर बाबा गेले होते.

दादा, मी ती मेख चार तारखेलाच पाहिली होती. पत्रात फक्त बेचाळीस लिहिले. आकडा खोटा नव्हता. पण तिथे पांढरी मेख असेल अशी मी कल्पनाही केली नव्हती. तिथे काय असायला हवे होते हे मला माहीत होते.

मागच्या टोकाची एक ढलपी बाईंनी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली आहे. निकालाला तीन आठवडे लागतील.

तुझा धाकटा


२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी साडेनऊ

दादा,

तुझे कार्ड काल मिळाले. वर नाव नाही, खाली सही नाही, पण अक्षर तुझेच. तिरके, घाईचे, शेवटच्या शब्दाला जागा न उरलेले. एकच ओळ: अकरापैकी किती खिळे जागेवर आहेत?

मी ते कार्ड उलटून मागे काही आहे का ते पाहिले. मग पायरीवर बसून राहिलो. इतकी वर्षे मला वाटत होते की तू बाबांवर रागावून गेलास. तू स्वतःवरच शंका घेऊन गेलास हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

तर उत्तर नीट लिहितो. अकराच्या अकरा जागेवर आहेत. पुढच्या टोकाचे दोन वाकले आहेत, पण सुटलेले नाहीत. ठिगळाखालचे डांबर अखंड आहे. काल बाईंना मुद्दाम बोलावून आणले. त्यांनी पातळ पट्टी घालून चारी बाजूंनी पाहिले. पट्टी कुठेच आत जाईना. म्हणाल्या, "हे ठिगळ गळत नव्हतं. टोक उचललंय ते बाहेरून दगडावर आपटून. होडी उलटी होऊन वाहत गेल्यावरचा मार आहे हा. आधीचा नाही." मग हातोडीच्या मागच्या बाजूने एक खिळा उपटून बघितला. हलेना. "कोणी मारलंय हे?"

"माझ्या भावाने. एकोणीस वर्षांचा होता."

"आता कुठे असतो?"

"बंदरात. जहाजांच्या दुरुस्तीवर."

"मग योग्य जागी आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडून हे चार ओळींत लिहून घेतले. मूळ कागद सोबत पाठवतो आहे, नक्कल माझ्याकडे ठेवली. मूळ कागदात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे, ती तशीच ठेवली आहे, म्हणजे मी काही बदलले असे तुला वाटणार नाही.

त्या सकाळी काठावर सगळी माणसे जमली होती. होडी लव्हाळ्यात उलटी सापडली होती आणि ताई अजून सापडायची होती. बाबांनी ठिगळाचे उचललेले टोक पाहिले, खिळे मोजले, अकराच भरले, आणि सगळ्यांसमोर तुला विचारले, "बारावा का नाही मारलास?" तू काही बोलला नाहीस. मी बाबांच्या मागे उभा होतो. आई गेल्यावर मला ताईनेच वाढवले, म्हणून कोणी तरी याला घरात न्या म्हणत होते आणि मी जात नव्हतो.

ठिगळातून पाणी आले नाही तर कुठून आले, असे तू आता विचारशील. विचारू नकोस. मीच लिहिणार आहे. मला थोडे दिवस दे.

तुझा धाकटा


५ डिसेंबर, शुक्रवार
संध्याकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटे, संग्रहालयाच्या खोक्यांच्या खोलीत

दादा,

निकाल आला. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढते. ओल्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. आपल्या ढलपीतला जाड-बारीकचा क्रम प्रयोगशाळेने जुन्या लाकडांच्या क्रमाशी ताडून पाहिला आणि तो जुळला. होडीतले सर्वांत बाहेरचे वलय एकशे शेहेचाळीस वर्षांपूर्वीचे आहे. त्याच्या बाहेरची काही वलये कारागिराने तासून टाकली असणार, म्हणून बाई होडीचे वय एकशे पस्तीस ते एकशे चाळीस वर्षे धरतात. घराच्या जुन्या कागदावर पणजोबांची जन्मतारीख आहे. ती एकशे चोवीस वर्षांपूर्वीची.

म्हणजे त्यांनी ती कोरलेली नाही.

बाबांना सांगितले. म्हणाले, "म्हणजे माझा बाप खोटं सांगत होता."

"त्यांनाही तसंच सांगितलं असेल कोणी," मी म्हणालो.

"कोणीतरी पहिल्यांदा सांगितलंच असेल की," बाबा म्हणाले आणि रंध्याचे पाते काढून त्याची धार बघत बसले.

वय ठरले, पण मूळ ठरेना. या जातीचे झाड आपल्या टेकडीवर कधीच नव्हते. नदीच्या वरच्या अंगाला तीन ठिकाणी होते, आणि तिन्ही ठिकाणी होड्या कोरणारी माणसे होती. फरक एवढाच की तिघांच्या मेखांचे लाकूड वेगवेगळे. मेखेचे लाकूड कळले की गाव कळेल. पण आपल्या मेखा पाण्याने काळ्या पडून तळाशी एकजीव झाल्या आहेत. बाई म्हणाल्या, "एक पोखरून काढावी लागेल. होडीला इजा होईल, पण इलाज नाही. सोमवारी गिरमिट घेऊन येते."

मी म्हणालो, "एक दिवस थांबा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर एक मेख ठेवली. काळी, गुळगुळीत, अंगठ्याएवढी. त्यांनी ती भिंगाखाली धरली, लांबी मोजली. पस्तीस मिलिमीटर.

"कुठे मिळाली?"

"मी काढली होती."

"कधी?"

"नऊ वर्षांचा असताना. मागून चौथ्या ओळीतली."

त्यांनी भिंग खाली ठेवले. स्टूल पायाने पुढे सरकवले. "बस."

मी सांगितले. भिंतीवर घड्याळ होते, अकरा मिनिटे लागली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने सांगितले. मला वाटले त्या म्हणतील, लहान होतास, जाऊ दे. त्या तसे म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग, बाळा? मी कोण?" शुद्धलेखन म्हणाल्या नाहीत.

म्हणून आता तुला सांगतो.

त्या उन्हाळ्यात होडी दोन लाकडी घोड्यांवर उलटी ठेवलेली होती. तू वरून ठिगळ मारत होतास, मी खाली तिच्या पोटात बसून पेन्सिलीला टोक काढत होतो. तुझ्या हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला एक मेख हलत होती. बाकी सगळ्या घट्ट, ही एकच सैल. सैल वस्तू मला तेव्हाही सहन होत नसे. चाकूचे टोक घालून हलवली आणि ती हातात आली. परत घालायला गेलो तर तिरकी अडकली. तेवढ्यात तू हाक मारलीस. मी ती खिशात टाकली.

दुपारी मेणबत्ती घेऊन आलो आणि भोकात मेण दाबले. पांढरे दिसते म्हणून पेन्सिलीचे शिसे खरवडून त्यात मिसळले. अगदी इतरांसारखे दिसू लागले. मला माझ्या कामाचे कौतुक वाटले होते, दादा. हे लिहायचे नव्हते, पण तेच खरे आहे.

थंड पाण्यात मेण आकसते हे मला माहीत नव्हते. तीन आठवड्यांनी ताई शिवलेले कपडे द्यायला पलीकडच्या काठावर गेली. येताना वारा सुटला.

बाबांनी तुला बारावा खिळा विचारला तेव्हा मेख माझ्या खिशात होती. मी तिला बोटांनी धरून उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलेसही. मला वाटले तुला कळले. तू फक्त मी रडतो आहे का ते बघत होतास.

मी माफी मागत नाही. मागायची कशी हे मला येत नाही. तुझी अकरा वर्षे माझ्यामुळे गेली एवढे मला लिहून द्यायचे होते.

तुझा धाकटा


१४ डिसेंबर, रविवार
दुपारी बारा वाजता

दादा,

तुझे काही आले नाही. न येणेच बरोबर आहे. तरी हे लिहिल्यावाचून राहता येत नाही, कारण ही गोष्ट माझ्या एकट्याची राहिलेली नाही.

पांढरी मेख कोणी बसवली, हा प्रश्न उरला होता. माझे मेण तिथे असायला हवे होते, नाहीतर रिकामे भोक. होडी सापडल्यावर ती टांगली बाबांनी, आणि या घरात सुतार एकच. मी महिनाभर स्वतःला दुसरे काहीतरी पटवत होतो.

आज सकाळी दहा वाजता कारखान्यात गेलो. बाबा करवतीला धार लावत होते. बाईंनी परत केलेली मेख मी त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती उचलली नाही. नुसते पाहत म्हणाले, "मला वाटलं तळ्यात गेली."

"माझ्याकडे होती."

"इतकी वर्षं?"

"हो."

करवत बाजूला ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पांढरी तुम्ही बसवलीत?"

"मी."

"का?"

"भोक होतं म्हणून."

"बाबा."

"चौथ्या दिवशी होडी टांगायला घेतली, तेव्हा बोट गेलं त्यात. कडेला मेण चिकटलेलं होतं. मेणात शिसं. या घरात दिवसभर पेन्सिल तासत कोण बसायचं?"

"दादा सहाव्या दिवशी गेला," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. दोन दिवस होते माझ्याकडे."

बाहेर कोणीतरी चौकट न्यायला आले होते. बाबा ओरडले, "उद्या या!" रविवारी कारखाना उघडा असतो आणि गिऱ्हाईक परत पाठवलेले मी कधी पाहिले नव्हते.

मग ते बोलले. शब्द मी लगेच वहीत उतरवून घेतले, एकही इकडचा तिकडे नाही. "काठावर सगळ्या लोकांसमोर बोललो होतो. शब्द परत घेतला असता तर पहिला प्रश्न आला असता, मग कोणी? तू नऊ वर्षांचा. तो एकोणीस वर्षांचा. एकोणिसाव्या वर्षी माणूस उठून कुठेतरी जाऊ शकतो. नवव्या वर्षी तू कुठे जाणार होतास?"

"आणि त्याचं काय?"

"वाटलं राग शांत झाला की येईल. वर्षभरात येईल, मग एकटा बसवून सांगेन. वर्ष झालं. मग दुसरं झालं. मग काय तोंडाने सांगणार होतो?"

मी आजपर्यंत बाबांशी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. आज बोललो. "तुम्हाला वाटतं तुम्ही मला वाचवलंत? मी शाळेत बसू शकलो नाही. काहीही सैल दिसलं की माझे हात गार पडतात. एक अक्षर लिहिलं तर दहा वेळा तपासतो, कुठे काही राहून तर गेलं नाही ना म्हणून!"

"बघत होतो मी," बाबा म्हणाले. "रोज बघत होतो."

त्यांनी मेख शर्टाच्या वरच्या खिशात टाकली आणि करवत पुन्हा घेतली. धार लावली मात्र नाही.

होडीचे राहिले. मेखेचे लाकूड ओळखता आले. ते फक्त नदीच्या वर, दोन दिवसांच्या वाटेवरच्या दलदलीत वाढते. तिथले होडीकर तापलेल्या सळईने भोके पाडत, आणि आपल्या भोकांच्या कडा आतून जळलेल्या आहेत. तीन-तीनची ओळही त्यांचीच. तेव्हा वय आणि मूळ दोन्ही पक्के झाले. तिथून ती आपल्याकडे कशी आली, विकत की मागून की आणखी कशी, हे बाई सांगत नाहीत. "लाकूड खोटं बोलत नाही," म्हणाल्या, "पण विचारलं तेवढंच सांगतं."

संग्रहालय होडी घेणार आहे. लेबल मला लिहायचे आहे.

तुझा धाकटा


९ जानेवारी, शुक्रवार
सकाळी सात वाजून पाच मिनिटे, गाड्यांच्या थांब्यावर

दादा,

हे पत्र पोस्टाने आलेले नाही. ज्याने ते तुझ्या हातात दिले तो माणूस तुझ्यासमोर उभा आहे.

गाडी साडेसातला आहे. बाबा माझ्या शेजारी बाकावर बसून पिशवीची गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधत आहेत. मी काय लिहितो ते विचारत नाहीत. मी सोबत येतो म्हणालो तर म्हणाले, "तू कशाला? तू बोललास तुझं."

काल होडी नेली. आठ माणसे लागली. बाबा मागचे टोक धरून ट्रकपर्यंत चालत गेले, आणि ट्रक गेल्यावर तिथेच म्हणाले, "त्याचा पत्ता दे." मी म्हणालो, पत्र लिहा, मी शब्द तपासून देतो. ते म्हणाले, "पत्राने नाही व्हायचं. तोंडाने बोललो होतो, तोंडानेच परत घ्यायला पाहिजे. आणि चारचौघांत बोललो होतो." तेव्हा आधीच सांगून ठेवतो. तुझ्या कामावरची चार माणसे गोळा कर असे ते तुला म्हणतील. अनोळखी लोकांसमोर ते बोलायला लागले तर तुला संकोच वाटेल. त्यांनाही वाटेल. पण अडवू नकोस. काल दिवसभर ते कारखान्यात एकटेच काहीतरी पुटपुटत होते. मी दाराशी गेलो की थांबत.

ते माझे नाव घेणार नाहीत, घ्या म्हटले तरी. म्हणून तुझ्या त्या चार माणसांना तूच सांग की मेख धाकट्याने काढली होती. मला चालेल. मला तेच हवे आहे.

त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. सकाळची गोळी पांढरी, रात्रीची अर्धी पिवळी, पुड्यांवर लिहिले आहे. बस म्हटल्याशिवाय ते बसणार नाहीत. म्हणायचे की नाही हे तू ठरव. पण प्रवास एकोणीस तासांचा आहे आणि गुडघे दुखतात.

लेबलाची नक्कल सोबत आहे. त्यात पणजोबा नाहीत, ताई नाही, आपण कोणीच नाही. लांबी, रुंदी, वय, झाड, दलदल. शेवटच्या ओळीत लिहिले आहे, "एक मेख नंतरची." बाई म्हणाल्या, "एवढं पुरे. वाचणाऱ्याला पुरे." मी ते एकदाच लिहिले. पुन्हा तपासले नाही.

गाडी लागली. बाबा उठले आहेत. हिशेब तेवढा लिहून देतो, वाटेत त्यांना कोणी फसवले तर तुला कळावे.

झालेला खर्च:
तिकीट: चारशे वीस.
गोळ्या, पंधरा दिवसांच्या: एकशे साठ.
लोकरी मोजे, एक जोड: नव्वद.
बिस्किटे आणि पाणी: पंचवीस.
त्यांच्या आतल्या खिशात: पाचशे.
एकूण: अकराशे पंचाण्णव.

देणे:
लाकूडबाईंचे उसने: सहाशे.
मामाचे, पत्त्याबद्दल: तो काही घेत नाही.

परतीचे तिकीट: काढलेले नाही. काढू का विचारले, तर बाबा म्हणाले, "ते त्याच्या हातात आहे."